शेतातल्या पोहण्याच्या हौदाभोवती काढता येणारे कुंपण कसे करावे?

प्रश्न : आर्वीकर

नमस्कार. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. बागेतल्या घरासमोर गेल्या वर्षी 20 फूट लांब, 12 फूट रुंद आणि साडेचार फूट खोल असा सिमेंटचा हौद बांधला. उन्हाळ्यात त्यात पोहणे होते आणि तेच पाणी ठिबकने झाडांना जाते. येत्या मे महिन्यात अडीच आणि चार वर्षांची दोन नातवंडे महिनाभर राहायला येणार आहेत. कुंपण झाल्याशिवाय मुले पाठवणार नाही, असे सूनबाईंनी स्पष्ट सांगितले आहे आणि त्यांचे म्हणणे मला पटते. अडचण एवढीच की हौदाभोवतीच्या काँक्रीटच्या ओट्यावर आम्ही तूर आणि मिरची वाळवतो, त्यामुळे हंगामात काढून ठेवता येईल असे कुंपण हवे. गावातला वेल्डर चौकटी करून द्यायला तयार आहे. शेजारी म्हणतात, हिरवी शेडनेट बांधा, पुरे आहे. उंची किती ठेवावी, खांब कसे बसवावेत आणि फाटक कसे असावे?

उत्तर : यवतमाळचा फॅब्रिकेटर

शेडनेट बांधू नका. ती सावलीसाठी असते, आपल्याकडच्या उन्हात लवकर कुजते आणि मूल रेलले की चिरते. शिवाय तिच्याआड हौद घरातून दिसेनासा होतो, हा तोटा मला सर्वांत मोठा वाटतो.

उंची किमान 4 फूट ठेवावी. ऑस्ट्रेलियाच्या मानकातही किमान 1200 मिलिमीटर उंची आणि खालची फट जास्तीत जास्त 100 मिलिमीटर असा नियम आहे. वेल्डरला एक गोष्ट आधीच बजावून सांगा : चौकटीत मधल्या आडव्या पट्ट्या नकोत. त्याला त्या मजबुतीसाठी हव्या असतात, पण चार वर्षांच्या मुलासाठी ती शिडीच होते. आडवे पाइप फक्त वर आणि खाली, मध्ये उभ्या सळ्या, आणि दोन सळ्यांतले अंतर 4 इंचांपेक्षा कमी. जाळी लावायची असेल तर ती ताणून बसवलेली आणि पायाचा चवडा अडकणार नाही इतकी बारीक हवी.

खांबांसाठी ओट्याला कोअर कटरने (काँक्रीटला गोल भोक पाडणाऱ्या यंत्राने) भोके पाडून त्यांत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपच्या बाह्या, म्हणजे खांब आत सरकवायच्या नळ्या, ग्राउटने (पातळ सिमेंटच्या गिलाव्याने) पक्क्या कराव्यात. भोक हौदाच्या काठाला खेटून घेतले तर काठाचा टवका उडतो. बाहीला टोपण अवश्य करा, नाहीतर खांब काढल्यावर तिच्यात तुरीचे दाणे आणि माती जाऊन बसते आणि पुढच्या वेळी खांब निम्माच आत जातो. प्रत्येक खांबाला पान्याशिवाय निघणार नाही असा बोल्ट हवा. काढता येणारे म्हणजे मोठ्या माणसाला काढता येणारे.

फाटकाचे खांब मात्र कायमचे करा, आणि त्यांना मुरूम भरून वेगळा पाया द्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ओटा जरासा कलला तरी कडी कोयंड्यासमोर येत नाही आणि मग घरातले लोक फाटक सुतळीने बांधू लागतात. फाटक पाण्यापासून दूर, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडावे आणि स्प्रिंगच्या बिजागरीने आपोआप मिटून कडी लागावी. अमेरिकेतल्या मार्गदर्शनानुसार कडी जमिनीपासून किमान 54 इंचांवर असते. त्याहून खाली घ्यायची झाल्यास ती हौदाच्या बाजूने, फाटकाच्या वरच्या कडेपासून किमान 3 इंच खाली बसवतात.

उत्तर : उपकेंद्रातली परिचारिका

आपल्या प्रश्नातले एक वाक्य वाचून मी थबकले. तूर वाळत असताना कुंपण निघालेले असेल, पण ठिबक चालू असल्यामुळे हौद तेव्हाही भरलेलाच असणार, आणि कामावर आलेल्या बायकांची लहान मुले त्याच ओट्यावर खेळत असणार. नातवंडे महिनाभर राहतील, ही मुले हंगामभर तिथे असतात. तेव्हा ओटा रुंद असेल तर कुंपण हौदाच्या जवळ घेऊन वाळवण त्याच्या बाहेर घालता येईल का, हे पाहावे.

कुंपण चारही बाजूंनी असावे. घराची भिंत चौथी बाजू धरली की घराचे दार थेट पाण्यावर उघडते. कुंपणापासून 3 फुटांच्या आत बाज, ड्रम, पालथे घमेले असे चढण्याजोगे काही ठेवू नये. पोहून झाल्यावर चेंडू किंवा खेळणी पाण्यात राहू देऊ नयेत. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे आवाज आला की धावू हा भरवसा कामाचा नाही. मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरणे किंवा पोट दाबणे चुकीचे आहे. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा. घरातल्या दोघांनी तरी हे आधी शिकून घ्यावे.

आर्वीकर :

दोघांचेही आभार. मजुरांच्या मुलांचा विचार माझ्या मनात आला नव्हता, याची खंत वाटते. आज ओटा मोजला. तीन बाजूंना तो 9 फूट आहे, विहिरीकडच्या बाजूला जेमतेम 3 फूट. काठापासून अडीच फुटांवर कुंपण घेतले तरी तुरीला पुरेशी जागा उरते, म्हणून आता सगळे कुंपण कायमचे करतो. मोटर बाहेर काढण्यासाठी विहिरीकडच्या दोनच चौकटी बोल्टच्या ठेवीन. वेल्डरला आडव्या पट्ट्यांचे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, मग चौकट हलेल. त्यावर उभ्या सळ्या जाड घ्याव्यात की खांब जवळजवळ रोवावेत, एवढे कळवावे.

यवतमाळचा फॅब्रिकेटर :

खांब जवळ घ्या. चौकट 4 फुटांपेक्षा रुंद करू नका. ती हलणार नाही आणि मोटर काढताना दोन माणसांना सहज उचलता येईल.