लोकरीची पॉपी: आदरांजली की सजावट?

क्रोशावाली: मेलबर्नच्या लिन बेरी आणि मार्गारेट नाइट यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ २०१३ साली पॉपीची, म्हणजे युद्धात गेलेल्यांचे स्मरणचिन्ह मानल्या जाणाऱ्या लाल फुलाची, १२० लोकरी फुले विणायला घेतली. पुढे देशोदेशींहून इतकी फुले येत गेली, की २०१५ च्या अँझॅक दिनी, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये अडीच लाखांहून अधिक फुले मांडली गेली. लाल लोकरीच्या पाकळ्या, मधोमध काळे बटण. कोणाची वीण घट्ट, कोणाची सैल. हुतात्म्यांना याहून उचित आदरांजली मला तरी सुचत नाही.

रोखठोक: मला ही हौस वाटते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे सुमारे साठ हजार सैनिक कामी आले. मग अडीच लाखांचा हिशेब कसा लावायचा? २०१४ साली टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात सिरॅमिकची ८,८८,२४६ फुले रोवली होती, तेव्हा दर फुलामागे त्या युद्धात गेलेला ब्रिटनचा किंवा त्याच्या वसाहतींचा एक सैनिक होता. मेलबर्नची फुले मात्र २०१६ साली लंडनमधल्या चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात जाऊन पोहोचली. ब्रिटनमधली छातीवर लावायची साधी पॉपी १९२१ पासून माजी सैनिकांसाठी निधी तरी उभा करते.

क्रोशावाली: निधीचे मोल मान्य आहे, पण ही फुले शिरगणतीसाठी नव्हतीच. एकाच सैनिकासाठी मुलीने, नातीने आणि शेजारणीने वेगवेगळे फूल विणले, तर त्यात जादा कोणते ठरवणार? पैसे देऊन माणूस पुढे निघून जातो, विणणारीला मात्र त्या आठवणीसोबत बसावे लागते.

सातारकर: दोघांनीही आपली माणसे वगळली. त्याच पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या आणि १९१६ च्या शरणागतीनंतर कित्येक हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत मेले. इराकमधल्याच बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांचा फक्त आकडा. आपल्याकडील गावांतल्या शिळाही तेवढेच सांगतात: महायुद्धावर इतके गेले, पैकी इतके मेले.

रोखठोक: हेच तर म्हणतो आहे. आकड्याला उत्तर नावांच्या यादीने द्यावे, लोकरीने नव्हे.

क्रोशावाली: यादी उघडून पाहणारे किती? नाव लिहिलेली चिठ्ठी फुलाला बांधली, तर वाटेने जाणाराही ते वाचेल.

रोखठोक: चिठ्ठी बांधा, हरकत नाही. पण मग विणकाम नावे शोधून झाल्यावर सुरू करा, आणि जितकी नावे सापडतील तितकीच फुले विणा.