एका दिवसाचं शहरदर्शन: खाजगी गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

तलावपाळी (ठाणे):

नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन एका दिवसासाठी अहमदाबादला जाऊन आले. घोडबंदर रोडने बोरिवली, तिथून रात्रीची गुजरात मेल, सकाळी उतरलो. दिवसभर गाडी आणि फक्त आमच्या तिघांसाठी एक गाईड, रात्रीच्या गाडीने परत. गाडी आणि गाईड मिळून साडेसात हजार रुपये गेले. घरी आल्यावर भावाचा पहिला प्रश्न: "एवढ्या पैशात वेगळं काय दाखवलं? सगळं मोबाईलवर मिळतं." तेव्हापासून दर रविवारी जेवताना आमच्याकडे हाच वाद.

माझं मत आधीच सांगते. गाईड घ्यावा, आणि तोही आपल्यापुरता. कारण तीन दरवाजा.

भद्रच्या बाजारात ही तीन कमानींची वेस आहे. खालून रिक्षा, दुचाक्या, कपड्यांचे फेरीवाले, नुसती रेटारेटी. आम्ही कमानीखालून पलीकडे निघालोच होतो. गाईडदादांनी मागे बोलावलं आणि भिंतीतला एक दगड दाखवला. देवनागरीतला लेख. १८१२ सालचा. तेव्हा अहमदाबादवर मराठ्यांचा अंमल होता आणि चिमणाजी रघुनाथ हे सुभेदार होते. त्यांचा हुकूम असा की मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत तिचा वाटा विनाअडथळा मिळावा. जो मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्लाला.

माझ्या आईने वीस वर्षांपूर्वी कोकणातल्या घरावरच्या हक्कसोडपत्रावर सही केली आहे. "भावांशी वाईटपणा कशाला," एवढंच म्हणाली होती तेव्हा. त्या दगडासमोर ती चष्मा पुसून पुसून अक्षरं लावत राहिली. पाऊण दिवसाचा कार्यक्रम बाकी होता, पण दादांनी घाई केली नाही. मोठ्या ग्रुपमध्ये हे झालं असतं का? मोबाईलमध्ये माहिती असेलही, पण तिथे थांबायचं आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो शोधणार काय?

तुमचं काय मत?

टेकडीवाला (सीबीडी बेलापूर):

ताई, तुमच्या आईंचा प्रसंग वाचून गलबलून आलं. तरीही मी विरुद्ध बाजूचा आहे.

मी चार वर्षांपूर्वी असाच खाजगी गाईड घेऊन अहमदाबाद केलं. मला साबरमती आश्रमातलं संग्रहालय बघायचं होतं. ते वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बांधलं, १९६३ सालचं. नवी मुंबईच्या आखणीत कोरियांचा मोठा हात होता आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज त्यांचंच. मी त्या घरांच्या अंगणांत लहानाचा मोठा झालोय. त्यामुळे आश्रमातली ती चौकोनी दालनं, वरची कौलं, मधली उघडी अंगणं, काचेऐवजी लाकडी झडपांतून येणारा वारा बघितला आणि मला आमच्या मित्राचं घर आठवलं. मला तिथे बसायचं होतं. एका दालनातून दुसऱ्यात जाताना छत कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे नुसतं बघत राहायचं होतं.

गाईडने कोरियांचं नावही घेतलं नाही. हृदयकुंज म्हणजे गांधीजींचं राहतं घर, चरखा, १२ मार्च १९३० ला गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह दांडीला निघाले, बरोबर चाळीस मिनिटं, आणि मग "सर, अडालजला उशीर होईल". मी दोनदा म्हटलं की अडालजची विहीर राहू द्या. तरी गाडी निघालीच, कारण ते ठरलेल्या यादीत होतं.

दिवस माझा, पैसे माझे, आणि नजर मात्र त्यांची. मला हे पटत नाही. पुढच्या वर्षी एकटा गेलो. सकाळी आश्रम, दुपारीही आश्रम. बाकी काही बघितलं नाही आणि त्याची खंतही नाही.

नौपाड्याच्या बाई:

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे माझी हरकत वेगळी आहे. गाईड लोक दंतकथा आणि इतिहास एकाच सुरात सांगतात. ऐकणारा दोन्ही खरं धरून घरी येतो आणि नातवंडांना तेच सांगतो.

अडालजच्या वावेचंच बघा. पाच मजले खोल, अप्रतिम विहीर. तिथल्या संस्कृत शिलालेखातून कळतं की ती राणी रुडाबाईने बांधवली, १४९९ साली. पण तुम्हाला सांगतात ती गोष्ट अशी: सुलतान महमूद बेगडा राणीवर भाळला, तिने विहीर पुरी करून देण्याची अट घातली, आणि पुरी होताच उडी मारून जीव दिला. ही लोककथा आहे. सुंदर आहे, सांगावी जरूर, पण "लोक असं म्हणतात" हे तीन शब्द जोडून सांगावी. आमच्या गाईडने तर राणीने उडी नेमकी कुठून मारली ती जागाही दाखवली.

मला सर्वांत जास्त लागतं ते हे की बाईने काय बांधलं हे मागे पडतं आणि ती कशी मेली हे पुढे येतं. विहिरीत उतरताना पायरीपायरीला हवा गार होत जाते, त्या उन्हाच्या मुलखात वाटसरूंना सावली आणि पाणी मिळावं म्हणून हा खटाटोप. ती रुडाबाई मला मुलींना सांगायची असते.

तलावपाळी, तुमच्या गाईडने लेख दाखवला, म्हणजे पुरावा दाखवला. असे कमी.

कळवा ब्रिज:

इथे सगळे धडधाकट पायांवर बोलताहेत. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत. दाराशी गाडी, जिने कुठे टाळायचे, स्वच्छतागृह कुठे आहे हे सांगणारा माणूस सोबत होता म्हणून त्या बाहत्तराव्या वर्षी अहमदाबाद बघू शकल्या. यादी कुणाची का असेना. अडालजला त्या वरच्याच मजल्यावर बसल्या आणि गाईडने खालचं कोरीवकाम फोनवर टिपून आणून त्यांना एकेक दाखवलं. माझं मत शंभर टक्के गाईडच्या बाजूने.

कोपरीकर:

माझा अनुभव कडू आहे, म्हणून लिहितो. दुपारी जेवण झाल्यावर गाईड म्हणाला, "दहा मिनिटं हस्तकला केंद्र बघू." तिथे दीड तास गेला. चहा, सरबत, साड्यांचे ढीग. बायकोला पाटणचा अस्सल पटोला म्हणून एक साडी दाखवली, किंमत अठरा हजार. अस्सल पटोल्यात ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) दोन्ही विणण्याआधीच नक्षीप्रमाणे रंगवतात, एकेका साडीला महिने लागतात आणि ती लाखाच्या घरात जाते, हे तिला माहीत होतं म्हणून वाचलो. पण तेवढ्यात जामा मशिदीची वेळ टळली. २६० खांबांची ती मशीद, १४२४ सालची, १८१९ च्या भूकंपात जिचे मिनार पडले, ती मी आजवर बाहेरूनच बघितली आहे.

मला पैशाचं इतकं नाही. ज्याच्यावर दिवसभर भरवसा ठेवला त्याने आपल्याला गिऱ्हाईक म्हणून नेऊन उभं केलं, याचं वाईट वाटतं.

ऐरोलीकर:

मी परवानाधारक गाईड आहे. घारापुरी, कान्हेरी आणि दक्षिण मुंबई हा माझा पट्टा. कोपरीकरांचं दुखणं खरं आहे. ते कुठून येतं तेही सांगतो.

स्वस्त पॅकेज विकलं जातं तेव्हा त्यात गाडी, डिझेल आणि एजन्सीचा हिस्सा निघाल्यावर गाईडच्या हातात फार थोडं उरतं. ती तूट दुकान भरून काढतं. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. मी दुकानात नेत नाही, त्यापायी दोन एजन्सींनी मला काम देणं थांबवलं. पण पाहुण्यांना एक करता येईल: गाईडचं मानधन किती हे बुकिंग करतानाच वेगळं विचारा, आणि "दुकान नको" हे मेसेजमध्ये लिहून घ्या. लिहून घेतलेलं सहसा पाळलं जातं. परवान्याचं ओळखपत्र मागायलाही संकोच करू नका, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही.

टेकडीवाला, तुम्हाला आश्रमातच बसायचं होतं हे गाईडला आदल्या दिवशी फोनवर कळलं असतं तर त्याने कदाचित आनंदाने दिवस बदलला असता. छापील यादीत अडालज आणि सरखेज दोन्ही असतात. एक शहराच्या उत्तरेला, दुसरं नैर्ऋत्येला. मध्ये सगळा गाव ओलांडायचा. अशा यादीत माणूस गाडीच्या काचेतूनच शहर बघतो. खाजगी गाईड घेण्याचा अर्थच हा की अर्धी यादी पाहुण्याने फाडून टाकावी.

आणि बाई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. घारापुरीच्या त्या प्रचंड तीन मुखांना आमच्यातले कितीतरी जण आजही "ब्रह्मा, विष्णू, महेश, त्रिमूर्ती" म्हणून सांगतात. अभ्यासक ती सदाशिवाची मूर्ती मानतात, सगळी मुखं शिवाचीच. सुरुवातीला मीही त्रिमूर्तीच सांगायचो, कारण मला तसंच शिकवलं होतं. एका पाहुणीने शांतपणे विचारलं, "मग उजवीकडचं मुख बाईसारखं का?" मी त्या रात्री घरी येऊन वाचायला बसलो. प्रश्न विचारणारे पाहुणे मिळाले तर गाईड सुधारतो. मुकाट ऐकणाऱ्यांसमोर तो दहा वर्षं तेच बोलत राहतो.

चेंदणीची:

तुम्ही सगळे गाडी धरूनच बोलताय. अहमदाबादच्या पालिकेचा हेरिटेज वॉक आहे, १९९७ पासून. सकाळी कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांमधून चालत जामा मशिदीपाशी संपतो. मी गेले तेव्हा आम्ही अकरा जण होतो, सगळे अनोळखी.

पोळ म्हणजे एकाच दरवाजाच्या आतली वस्ती, पूर्वी रात्री तो दरवाजा बंद व्हायचा. आत खांबावर कबुतरांचा चबुतरा, लाकडी नक्षीचे सज्जे, आणि घराच्या चौकाखाली टाकं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची तळखोली. एका घरातल्या आजींनी झाकण उचलून आम्हाला त्यांचं टाकं दाखवलं. अहमदाबाद २०१७ साली युनेस्कोच्या यादीत आलं, जागतिक वारसा शहर म्हणून भारतातलं पहिलं, ते नुसत्या मशिदी-मंदिरांमुळे नाही. या राहत्या गल्ल्याही त्याचं कारण आहेत. गाडी तिथे शिरतच नाही, म्हणून खाजगी टूरवाल्यांच्या यादीत पोळ बहुधा नसतेच.

त्यामुळे माझं मत: गाईड हवा, पण पायी फिरवणारा आणि गावातलाच.

हेही मनापासून लिहिते, की आपण ठाणेकर हे परगावी जाऊन शिकतो. आपल्या गावातला पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला, आज तिथे तुरुंग आहे, क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना १९१० साली तिथेच फाशी झाली. त्या भिंतीशेजारून मी रोज ऑफिसला जायचे आणि हे मला चाळिशीत कळलं. कुणी बोट धरून दाखवलंच नव्हतं.

टेकडीवाला (सीबीडी बेलापूर):

ऐरोलीकर, फोनची सूचना रास्त आहे, ती मला सुचली नव्हती. पण माझा मुद्दा तेवढ्याने सुटत नाही. मला काय बघायचंय हे मला आधी ठाऊक असेल तर मी सांगेन. ते तिथे गेल्यावरच कळणार असेल तर? आश्रमातच विनोबांची कुटी आहे. ती बघायची असं मी ठरवून गेलो नव्हतो. दुसऱ्या वेळी एकटा भटकताना दिसली. इतकी लहान खोली! दारात उभा राहून मी बराच वेळ आत बघत होतो. शेजारी बोलणारा माणूस असता तर त्या खोलीची शांतता मला मिळाली नसती. चांगला गाईडही शेवटी बोलतोच.

तलावपाळी (ठाणे):

सगळ्यांचं वाचलं. भावालाही वाचायला दिलं. तो टेकडीवाल्यांच्या बाजूला गेला, बाबा चेंदणीच्या ताईंच्या.

टेकडीवाला, तुम्ही म्हणता ती शांतता मला कळते. पण आमच्या दादांनी लेखाचा अर्थ सांगितला आणि मग ते स्वतः चार पावलं दूर जाऊन उभे राहिले. आईला एकटीला तिथे राहू दिलं. हे त्यांना कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

बाई, एक विचारायचं आहे. आईने परवा विचारलं की १८१२ मध्ये हुकूम निघाला होता, तर मग आपल्याकडे मुलींना हक्क मिळायला एवढा उशीर का? मी तिला सांगितलं की महाराष्ट्रात १९९४ साली कायदा बदलला आणि देशभर २००५ साली. ती म्हणाली, "म्हणजे मी सही केली तेव्हा कायदा होता." मग भाजी निवडायला बसली.

नौपाड्याच्या बाई:

होता. तुमच्या आईंना घेऊन या एकदा. रविवारी दुपारनंतर मी घरीच असते. त्या दगडाचा फोटो असेल तर तोही आणा, आपण तिघी मिळून अक्षरं लावू.