मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या वाचनाची नवी पद्धत वर्गात टिकत नाही

नमस्कार मंडळी,

इंदूरला एका खासगी हिंदी माध्यमाच्या शाळेत प्राथमिक विभाग माझ्याकडे आहे. पहिली-दुसरीला एनसीईआरटीचं ‘सारंगी’ हे हिंदीचं पुस्तक लावलं आहे. आधी चित्रांवर, गोष्टींवर भरपूर गप्पा, मग थोडी अक्षरं आणि मात्रा जोडीनेच, त्यांचे लगेच शब्द. अख्खी बाराखडी संपायची वाट बघायची नाही. उन्हाळ्यात प्रशिक्षण झालं, शिक्षिकांना आवडलंही. पण दिवाळीनंतर वर्गात डोकावले तर पुन्हा फळाभर ‘क का कि की’, आणि पोरं खाली मान घालून उतरवतायत.

त्यांना दोष कसा देऊ? प्रिन्सिपल सर शनिवारी कॉप्या (म्हणजे वह्या) तपासतात, किती पानं भरली तेवढंच बघतात. गोष्टीवर अर्धा तास गप्पा मारल्या तर कॉपीत दिसणार काय? त्यात पालक गेटवर अडवतात, ‘मैडम, बारहखड़ी कब होगी?’ (मराठी घरांतल्या आज्याही यात मागे नाहीत.)

परवा दुसरीतल्या एका मुलीने धडा घडाघडा वाचला. बोट मात्र दोन ओळी मागे. त्याच धड्यातले शब्द घेऊन फळ्यावर वेगळं वाक्य लिहिलं, तर गप्प. निपुण भारतमध्ये (केंद्र सरकारची पायाभूत वाचन-गणिताची मोहीम) तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही न पाहिलेल्या मजकुरातले, समजून वाचणं अपेक्षित आहे. तिथे हे पाठांतर काय कामाचं?

सरांना कॉपीऐवजी काय दाखवू, म्हणजे काम झाल्याचं पटेल? आणि मी वर्गात मागे बसले की शिक्षिका अवघडतात, मुलं हाताची घडी घालतात. तपासणी न वाटता बसायचं कसं? आणखी प्रशिक्षण मात्र सुचवू नका, ते भरपूर झालंय.

प्रतिसाद:

ताई, मागे बसू नका, शिकवा. आठवड्यात एक तास तुम्ही घ्या, शिक्षिकेला मागे बसून बघू द्या. तुमचाही तास कधीतरी फसेल, मग त्या मोकळेपणाने बोलतील. सरांना महिन्यातून एकदा चार-पाच मुलांकडून न पाहिलेला उतारा स्वतः वाचून घ्यायला सांगा, वर एखादा प्रश्नही विचारू देत. त्याच मुलांच्या कॉप्या तेव्हा शेजारी ठेवा. फक्त घड्याळ लावून बसू नका म्हणावं, पोरं घाबरतात. पालकांचं पीटीएमलाच (पालक-शिक्षक सभेत) निस्तरा, गेटवर नको.