लहान सरदार-जहागीरदारांची कोशात स्वतंत्र नोंद असावी का?

मल्हारगंजकर (प्रश्न):
इंदुरातील एका सरदार घराण्याविषयी मी मुक्त कोशात लिहीत आहे. होळकर दरबारात या घराण्याला मान होता आणि काही गावांची जहागीर होती. परंतु सात पिढ्यांपैकी पाच जणांविषयी माझ्या हाती मोडी सनदेतले नाव आणि वंशावळीतले स्थान यापलीकडे काही नाही. प्रत्येकाची वेगळी नोंद करावी, की सारे घराणे एकाच लेखात घ्यावे?

जुने बाड:
एकाच लेखात घ्यावे. सरदार माधवराव विनायक किबे यांचे उदाहरण घ्या. त्यांची स्वतंत्र नोंद हवीच, पण ती सरदारकीमुळे नव्हे. १९२६ सालच्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि रावणाची लंका अमरकंटकाच्या परिसरात होती, असे मत त्यांनी मांडले. ते मत पटो अथवा न पटो, त्यावर इतरांनी लिहिले आहे. तुमच्या पाच जणांवर घराण्याबाहेरच्या कोणी चार ओळी तरी लिहिल्या आहेत का?

माळवी वाचक:
निकष मान्य, पण तो थोडा शहरी आहे. ज्या गावात वसुली आणि तंट्यांचा निवाडा जहागीरदाराच्या कचेरीत होत असे, तिथल्या रयतेच्या लेखी महाराज दूरचे आणि हाच माणूस जवळचा होता. १९५१ च्या मध्य भारत राज्याच्या कायद्याने जहागिरी गेल्या, तेव्हा बदलले ते या गावांचे व्यवहार. म्हणून नोंद व्यक्तीची किंवा घराण्याची न करता जहागिरीची करावी, म्हणजे गावे, वसुली आणि वहिवाट यांच्या ओघात ही पाच नावे आपोआप येतील. (नुसती वंशावळ छापायची तर ती घरच्या पूजेच्या पोथीत शोभते.)

मल्हारगंजकर:
हे पटले, कारण गावांची यादी माझ्याकडे वंशावळीपेक्षा भरवशाची आहे. एक अडचण मात्र उरते. वंशावळीत मुलींच्या जागी केवळ ‘कन्या’ असे लिहिले आहे, आणि एका सनदेत जहागीर सांभाळणाऱ्या बाईंचा उल्लेख ‘मातुश्री’ एवढाच आहे. म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष कारभार पाहिला त्यांचेच नाव नाही. त्यांना लेखात ‘अमक्यांच्या मातुश्री’ असे लिहावे, की नाव अज्ञात म्हणून वेगळा परिच्छेद द्यावा?

जुने बाड:
वेगळा परिच्छेद द्या आणि सनदेतली ओळ जशीच्या तशी उतरवा. पाच पुरुषांच्या नावांची पुनर्निर्देशने (नाव शोधताच वाचकाला दुसऱ्या लेखावर नेणारे दुवे) त्याच लेखाकडे करावीत.