लिनक्सवर फायरवॉल म्हणजे म्हणे विंडोजवाल्यांचं खूळ!

कर्नलकाका: काल एकानं ठोकून दिलं, "डेस्कटॉप लिनक्सला फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणारा पहारेकरी) लागतच नाही, स्टार्टअपला लावणं ही विंडोजची खोड." डोकंच फिरलं. सप्टेंबर 2024 मध्ये कप्स-ब्राउज्ड या नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या प्रोग्रामचं भोक बाहेर आलं तेव्हा यूडीपी 631 हे पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) सगळ्या इंटरफेसवर सताड उघडं होतं, विसरलात? किती जणांना माहीत होतं आपल्या मशीनवर असलं काही ऐकत बसलंय ते?

डिफॉल्टदादा: काका, दमानं. त्यात कोड चालायला त्या खोट्या प्रिंटरवर प्रिंट द्यावी लागायची, ते बरं सांगत नाही तुम्ही. उबुंटू यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचं टूल सोबत देतं पण बंद ठेवून देतं, ते काय येडे आहेत? शिवाय मधे राउटर आहेच की.

कर्नलकाका: राउटर घरी. लॅपटॉप घेऊन परक्या वायफायवर बसतोस तेव्हा? राउटर काय खिशात नेतोस?

नवखा: भांडा निवांत, पण मी जीयूएफडब्ल्यू, म्हणजे यूएफडब्ल्यूचं खिडकीवालं रूप, स्टार्टअप ॲप्समध्ये टाकलंय आणि लॉगिन केलं की दरवेळी पासवर्ड मागतं, त्याचं काय करू?

कर्नलकाका: काढ तिथून. ती नुसती खिडकी आहे रे, नियम कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बसतात. टर्मिनलमध्ये एकदाच सुडो यूएफडब्ल्यू इनेबल मार, पुढे बूट होताना सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ते नियम आपोआप भरतं.

कंटेनरग्रस्त: यूएफडब्ल्यूचं कौतुक पुरे! डॉकरमध्ये (ॲप्स वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) पोर्ट पब्लिश करा, यूएफडब्ल्यूच्या स्टेटसमध्ये डिनाय दिसत राहील आणि शेजारच्या मशीनवरून मजेत कनेक्ट होईल, कारण डॉकर आपले आयपीटेबल्सचे (कर्नलमधल्या फायरवॉलचे) नियम स्वतः घालतं, पॅकेट फॉरवर्डमधून (पुढे पाठवायच्या वाटेनं) जातं, यूएफडब्ल्यूच्या इनपुटच्या नियमांपर्यंत येतच नाही. असली खोटी खात्री काय चाटायचीय?

डिफॉल्टदादा: घ्या काका, तुमचा पहारेकरी!

कर्नलकाका: पोर्टच्या आधी 127.0.0.1 (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहायला हात दुखतात का? डॉक्युमेंटेशनमध्ये आहे सगळं.

कंटेनरग्रस्त: हो, आणि डेटाबेस उघडा पडल्यावरच ते पान सापडतं.

डिफॉल्टदादा: आमच्या ऑफिसातल्या एका हुशारानं लांबच्या मशीनवर एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) अलाऊ न करताच इनेबल मारलं. सेशन तुटल्यावर परत आतच जाता येईना, शेवटी गाडी काढून गेला. ती तुमची सुरक्षा.

कर्नलकाका: विषय डेस्कटॉपचा चाललाय, सर्व्हरचा नाही!! फेडोरा फायरवॉलडी हे आपलं फायरवॉल टूल चालूच देतं, ते पण विंडोजवाले का?

डिफॉल्टदादा: देतं ना, वर्कस्टेशन आवृत्तीत 1025 ते 65535 सगळी पोर्टं उघडी सोडून. बरं, परक्या वायफायचा मुद्दा दिला तुम्हाला, खूश? माझ्या लॅपटॉपवर लावतो. डेस्कटॉपवर नाही म्हणजे नाही.

नवखा: काढलं, पासवर्ड मागायचं थांबलं. आता केडीई कनेक्टला (फोन आणि कॉम्प्युटर जोडणारं ॲप) फोन दिसत नाहीये.

कर्नलकाका: 1714 ते 1764 ही पोर्टं, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही अलाऊ कर.