मदत हवी आहे: लाकूड मोजणीसाठी दणकट हँडहेल्ड (तातडीचं)

सॉमिल_बल्लारपूर: नमस्कार मंडळी. मोजणीसाठी दणकट हँडहेल्ड (हातात धरून आकडे भरायची यंत्रं) घ्यायचेत, ६ नग. तीन कोटेशनं आलीत. तिन्हीवर आयपी ६७ लिहिलंय, किमती मात्र एकीच्या दुप्पट दुसरी. सोमवारी मालकांना उत्तर द्यायचंय. कोणता घेऊ ते सरळ सांगा, माहितीपत्रकं मीही वाचलीत.

डोंगरवाट: कोणते तीन? बजेट? अँड्रॉइड की विंडोज? उभी झाडं मोजणार की पाडलेला माल?

सॉमिल_बल्लारपूर: पाडलेला माल, सागवान. लिलावाआधी वन खात्याच्या लाकूड डेपोत लॉट बघताना आणि नंतर गाडी भरताना. नग क्रमांक, घेर, लांबी, प्रत, बस. अँड्रॉइडच. एका यंत्राला ४० हजारांपर्यंत.

कोथरूडकर_आयटी: एवढे पैसे कशाला घालवता? १२ हजारांचा फोन घ्या, जाड रबरी कव्हर चढवा. फुटला तर दुसरा घ्या. आमच्या गोदामात तीन वर्षं हेच चाललंय.

आलापल्लीकर: गोदामाला छप्पर असतं, दादा. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४६ ला टेकतो आणि उन्हात लठ्ठ्यावर ठेवलेला काळा फोन त्याहून कितीतरी जास्त तापतो. मग तो स्वतःच बंद होतो. जाड कव्हरात तर आतली उष्णता कोंडून राहते.

आणि आयपी ६७ वर भुलू नका. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. उष्णतेबद्दल, पडण्याबद्दल, उन्हात आकडा दिसतो का याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. किमतीतला फरक बहुतेक तिथेच आहे. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: किती अंशांपर्यंत चालतो, किती अंशांपर्यंत चार्ज होतो (हा आकडा वेगळा असतो, लिथियम बॅटरीचं चार्जिंग साधारण ४५ च्या आसपास थांबवतात), आणि पडद्याचा उजेड किती निट्स. डेपोतल्या दुपारी ५०० निट्समध्ये काही दिसत नाही.

जुनं_ते_सोनं: बटणांवाले जुने विंडोजचे नग सेकंडहँड स्वस्त मिळतात. बोट ओलं असो की मातीचं, आकडा बरोबर पडतो. तेच घ्या.

डोंगरवाट: त्या विंडोज हँडहेल्ड ६.५ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यांना अँड्रॉइड हवंय. सॉमिल भाऊ, सध्या काय वापरता आणि त्यात नेमकं काय बिघडलं?

सॉमिल_बल्लारपूर: साधे फोन. मागच्या जुलैत पडद्यावर पावसाचे थेंब होते, ११८ सेंमीचा घेर १८८ पडला. गाडी भरताना हिशोब जुळेना, ट्रक दोन तास उभा. मालक आमच्या पोराला सगळ्यांसमोर बोलले. चूक त्याची नव्हती. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. हे आधीच लिहायला हवं होतं.

घनमीटर: ३ मीटर लांबी धरली तर ११८ ला ०.२६१ घनमीटर येतात, १८८ ला ०.६६३. अडीच पट! तसंही घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी हे सूत्र खऱ्या गोल आकारापेक्षा २१ टक्क्यांहून थोडं अधिक घनफळ कमी दाखवतं.

कोथरूडकर_आयटी: मग ॲपमध्ये पायचं (π) सूत्र घाला ना, अचूक येईल.

आलापल्लीकर: आणि डेपोच्या यादीशी मेळ कसा बसवणार? लिलाव चौथाई घेरावरच होतो.

बांधावरचा_साग: माझ्या बांधावर सागाची १४ झाडं आहेत. तोडायची परवानगी कुठे मिळते?

डोंगरवाट: दादा, वेगळा धागा काढा. थोडक्यात, १९६४ चा झाडतोड कायदा लागतो. आधी तोडीची परवानगी, मग वाहतुकीचा पास. पहिल्यांदा वन खात्याच्या रेंज ऑफिसात जा.

टेपवाले_काका: मी ३१ वर्षं डेपोत मोजणी केली. टेप धरणारा घेर ओरडून सांगायचा, वहीवाला तोच आकडा परत ओरडायचा, मगच लिहायचा. तुमचा पोरगा एकटाच मोजतो आणि एकटाच भरतो का?

सॉमिल_बल्लारपूर: हो काका, एकटाच.

टेपवाले_काका: मग महागडं यंत्र घेतलंत तरी तेच होईल. आधी जोडीला माणूस द्या.

डोंगरवाट: काकांशी सहमत, पण यंत्रही बदला. ओल्या बोटांनी चालणारा पडदा बघा आणि बॅटरी बदलता येणारी हवी. भुसा चार्जिंगच्या भोकात बसतो, म्हणून क्रेडलवर (चार्जिंगच्या बैठकीवर) ठेवून चार्ज होणारा बरा. खरेदीआधी एकेक नग मागवा, दुपारी एक वाजता डेपोत न्या, हात ओले करून ५० नोंदी करा.

सॉमिल_बल्लारपूर: दोघे विक्रेते नमुना द्यायला तयार झाले, तिसऱ्याने नाही म्हटलं, त्याला वगळला. मालकांकडून आठवडा मागून घेतला. जोडीला माणूसही देतायत.

डोंगरवाट: जादा बॅटरी आणि क्रेडल कोटेशनात धरलंय का?

सॉमिल_बल्लारपूर: नाही की! आत्ताच फोन लावतो.