दूध संकलनाचं ॲप: आधी रफ चौकोन की थेट फिग्मा?

शाहूपुरीकर
करवीर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेसाठी संकलनाचं ॲप करायचं असेल, तर पहिला आठवडा फिग्मा (स्क्रीनचं पक्कं, रंगीत डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडूच नये असं माझं मत. बाल्सामिक नाहीतर एक्सकॅलिड्रॉ घ्या, हाताने काढल्यासारखे रफ आराखडे करायची ही साधनं. फोनच्या स्क्रीनची चौकट ३६० × ६४० पिक्सेल, काळा-करडा सोडून रंग नाही. सभासद नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), पावती, बास. एका स्क्रीनला २० मिनिटं, आणि नोंदीच्या स्क्रीनचे ३ तरी पर्याय. बाल्सामिक २००८ पासून मुद्दाम वेड्यावाकड्या रेघा काढतं ते उगाच नाही. सचिवांपुढं रंगीत स्क्रीन ठेवली की "हिरवा जरा गडद करा" यातच तास जातो. वर त्यांना वाटतं ॲप झालंच, सोमवारपासून चालू करा! किटल्यांची रांग लागल्यावर नोंद किती वेळा बोट लावून होते, हे विचारायचं राहूनच जातं.

उद्यमनगर_पिक्सेल
ओ शाहूपुरीकर, आणि दहा दिवसांच्या बिलाचं काय? रोज २ वेळा म्हणजे २० ओळी. तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम: ७ रकाने. ३६० मधून दोन्हीकडचा १६-१६ समास गेला, उरले ३२८. रकान्याला जेमतेम ४७. त्यात १४ च्या अक्षरात "१०८५.५०" बसवून दाखवा. रफमध्ये 'इथं तक्ता' म्हणून चौकोन ओढला की सगळे खूश, बोंब होते ती कोड लिहिताना. शिवाय त्या हाताच्या वळणाच्या फॉन्टांत देवनागरी नसते. मराठी टाइप केलं की भलताच फॉन्ट येतो आणि रुंदीचा अंदाज फसतो. ओळीची उंची १.२ ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो, १.५ च्या आसपास लागते. बटणं, तक्ते अशा घटकांचा संच फिग्मात तयार असताना हा उपद्व्याप कशाला?

शाहूपुरीकर
दोष चौकोनाचा नाही, रिकाम्या चौकोनाचा आहे. रफमध्येही सगळ्यात लांब आकडा लिहायचाच. आणि ७ रकाने बसत नाहीत हे तुम्ही आत्ता साध्या भागाकारानं दाखवलंत, फिग्मा कुठं लागलं? तारखेची एक पट्टी, तिच्याखाली सकाळ-संध्याकाळच्या दोन ओळी, फॅट-एसएनएफ एकत्र "६.५ / ९.०", दर बोट लावल्यावर दिसेल. हा बदल रफमध्ये ५ मिनिटांचा. ओळीच्या उंचीचं मात्र मान्य, ते रफमध्ये दिसत नाही.

तांबडा_पांढरा
तुम्ही दोघंही कीबोर्ड विसरलाय. ६४० मधले खालचे साधारण २५० तो खातो, उरले ३९०. वरची पट्टी ५६. नोंदीच्या स्क्रीनवर भरायचा एक रकाना म्हणजे ४८ ची पेटी, २० चं नाव, ८ ची फट, एकूण ७६. असे ४ च बसतात. पाचवा रकाना आणि 'जतन करा' कीबोर्डखाली. रफ असो की फिग्मा, कीबोर्डचा करडा ठोकळा आधी टाका, मग बाकीचं. आणि घाईत ६.५ चं ६५ होतं, टिंब राहतं. तेव्हा चुकीची सूचना कुठं दिसणार, त्याचीही एक स्क्रीन काढा. ती सहसा कुणी काढत नाही.

उद्यमनगर_पिक्सेल
बरं, नोंदीची स्क्रीन रफमध्ये करा. बिल मी फिग्मातच करणार. पण फिग्मात गेल्यावर रफ फाइलच्या नावापुढं 'रद्द' लिहा आणि कुलूप लावा. दोन्हीकडं दुरुस्त्या चालू राहिल्या की डेव्हलपर नेमकी जुनी उघडतो.

तांबडा_पांढरा
आणि पावती दोन्हीत नको. ५८ मिमीच्या थर्मल प्रिंटरवर रुंदी ३८४ ठिपक्यांची. त्यात देवनागरी फॉन्ट बहुधा नसतोच, म्हणून मजकूर चित्र करून पाठवावा लागतो. तेव्हा ३८४ रुंदीचं काळं-पांढरं चित्र करा आणि पहिल्याच दिवशी छापून बघा.